गालावरचा पांढरा डाग

"आधी माझ्यावर, मग तुमच्यावर," असं म्हणत मामा कापूस गुंडाळलेली काडी वाफाळत्या डब्यात बुडवायचे आणि क्षणभर स्वतःच्या मनगटाला टेकवायचे. पेशंट हसायचा. मग ते नवी काडी घ्यायचे. ही सवय त्यांना कशी लागली, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. मी तिथं त्वचारोगाचा छोटा दवाखाना टाकला. मामा माझे कंपाउंडर. द्रवरूप नायट्रोजनचा डबा ते गुरांच्या कृत्रिम रेतन केंद्रातून सायकलला बांधून आणायचे. त्याला ते 'गार औषध' म्हणत. काळ्या डागावर ते चार-पाच सेकंद टेकवलं, की डाग गोठतो, खपली धरतो आणि गळून पडतो. मामांचा हात तुम्ही पाहायला हवा होता. झोपलेल्या लेकराच्या गालावरची माशी उडवावी, इतका हलका.

त्या वर्षी पाऊस नव्हता. चाकूरची एक मुलगी आईबरोबर आली. डी.एड. झालेली, पण नोकरी लागेपर्यंत दुष्काळी कामावर खडी फोडत होती. उन्हानं उजव्या गालावर काळा डाग पडलेला. लग्न ठरलेलं.

मामांनी काडी टेकवली, मनात मोजलं, उचलली.

"आणखी," मी म्हणालो.

"बास की साहेब. कोवळी कातडी हाय."

"आणखी धरा."

त्यांनी धरली.

दीड महिन्यानं ती परत आली, तेव्हा काळ्याच्या जागी पांढराफटक डाग होता. होणाऱ्या सासरकडचे त्याला कोड म्हणत होते. आईनं विचारलं, "कुणाच्या हातानं झालं हे?"

मी टेबलाकडे बघत होतो.

"माझ्या," मामा म्हणाले. "जास्त येळ धरलं मी."

मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

पुढं काही आठवड्यांनी मामांनी एक दिवसाची रजा मागितली. तेव्हा मला त्यांचं मनगट दिसलं. तिथं तसाच पांढरा डाग होता. त्यांनी मुद्दाम करून घेतलेला. तो घेऊन ते जळकोटला, तिच्या नवऱ्या मुलाच्या घरी गेले.

"हात दाखवला त्यांना," परत आल्यावर त्यांनी सांगितलं. "म्हणलं, बघा, हे औषधानं भाजलंय. कोड न्हाई."

"मग?"

"चहा दिला. मी पिल्यावर त्यांनी कप उकिरड्यावर टाकला."

लग्न मोडलं. त्यानंतर मामांनी आधी स्वतःला लावल्याशिवाय कुणालाही गार औषध लावलं नाही. माझ्याजवळ तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही नाही.

बऱ्याच वर्षांनी ती आली. आता शिक्षिका होती, लेकीच्या अंगावर पुरळ उठलं म्हणून घेऊन आलेली. गालावरचा डाग पुसट झाला होता. तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं.

"मामा दिसत न्हाईत? त्यांना सांगा, माझ्या मनात राग न्हाई."

मामांना जाऊन दोन वर्षं झाली होती. जिच्यावर राग धरायचा ती व्यक्ती तिच्यासमोर बसली होती.

"सांगतो," मी म्हणालो, आणि मुलीसाठी मलम लिहायला घेतलं.