काळा धान आणि आठचा भोंगा

आधीच सांगून टाकते. मी बी.एस्सी. झालेली, शाळेत विज्ञान शिकवणारी बाई आहे. अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची... वर्गात मी याची खुशाल थट्टा करते. तरी हे लिहितेय, कारण त्या दिवशी सकाळचं लख्ख ऊन होतं, मी पूर्ण शुद्धीत होते आणि साक्षीला एक-दोन नाही, नऊ घरं आहेत.

गोंदिया आमच्या जिल्ह्यातून वेगळा होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. तुमसर तालुक्यात आमच्या भागात तेव्हा दरवर्षी एक नवी चिमणी उभी राहायची. तशाच एका लोखंडाच्या कारखान्यात कामाला म्हणून माझे आईवडील छत्तीसगडहून आले. गावाच्या तलावाची पार, म्हणजे मातीचा बांध, आणि त्याच्याखाली ठेकेदारानं बांधलेल्या पत्र्याच्या चौदा खोल्या. शेवटची आमची. उन्हाळ्यात तवा, हिवाळ्यात बर्फ. गावात काही हरवलं की पहिली चौकशी आमच्याकडे. मराठी मी शाळेत शिकले, घरात छत्तीसगढीच. आईला आम्ही 'दाई' म्हणायचो.

मी दहावीत होते. पौषात बाबांच्या उजव्या हातावर तापलेलं लोखंड उडालं. ठेकेदार म्हणाला, "काम करेल त्याची खोली." पौर्णिमा झाली की गावी परत जायचं, असं बाबांनी ठरवलं. माझा परीक्षेचा फॉर्म भरलेला होता! तिकडे हायस्कूल अठरा किलोमीटर लांब. गेलो असतो तर माझी शाळा तिथेच संपली असती. मी रुसून एक दिवस जेवले नाही. दुसऱ्या दिवशी दाईनं बासी भात आणि टमाट्याची चटणी पुढे ठेवली... मग जेवले.

खोलीत खिळ्याला एक फडकं टांगलेलं असायचं. त्यात मूठभर धान - आमच्या गावचा, काळ्या टरफलाचा. गाव सोडताना दाईनं बियाणं म्हणून बांधून आणला होता. परत जाऊ तेव्हा हाच पेरायचा.

पौर्णिमेच्या सकाळी मी दारात वेणी घालत होते. समोर एक म्हातारी येऊन उभी राहिली. उंच, हिरवं लुगडं, मनगटापर्यंत गोंदण, हातात सूप.

"छेरछेरा!"

मी चमकलेच. आमच्याकडे धान घरात आला की पौष पौर्णिमेला लोक ही हाक देत दारोदार धान मागतात. गरीब-श्रीमंत सगळेच. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, आणि द्यायचा तो आपल्या शेतातला धान, विकतचा तांदूळ नाही. पण इथे ही हाक मी कधीच ऐकली नव्हती.

दाईनं खिळ्यावरचं फडकं काढलं.

"दाई, ते बियाणं आहे!" मी ओरडले.

"घर के धान इहीच हे, नोनी," ती म्हणाली. घरचा धान एवढाच आहे, पोरी.

तिनं फडकं सुपात रिकामं केलं आणि त्याच क्षणी कारखान्याचा आठचा भोंगा वाजला. म्हातारीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला नव्या तणसीचा, भाताच्या पेंढ्याचा वास होता. मग ती पारीवर चढून गावाकडे गेली. बाकी तेरा खोल्यांपुढे ती थांबलीच नाही.

बाबा आतून म्हणाले, "आता परत जाऊन पेरशील काय?"

"त वापस काबर जाबो?" दाई हसत म्हणाली. मग परत कशाला जायचं? इतक्या दिवसांनी ती हसली होती.

दुपारी चारच्या सुमारास पारीवरून पंधरा-वीस माणसं खाली उतरली. बाबा घाबरलेच. "हमने कुछ नहीं लिया," ते आधीच बोलून गेले.

"अरे बापा, चोरीचं कोन म्हनते?" पुढे आलेले बळीरामभाऊ गावातले शेतकरी. त्यांनी दुपट्टा उघडला. आत मूठभर काळा धान. "गेलं नाही, घरात आलं! एक बुढी धान मागाले आली. बायकोनं पसाभर देल्लं, तं तिनं हे उंबऱ्यावर ठेवलं. कुठची बाई म्हनून इचारलं, तं तुमच्या खोल्याइकडे हात केला."

"आमच्याकडेही तसंच. मागाले आली का द्याले आली, समजलंच नाही," एक बाई म्हणाली. एकेक पदर, एकेक दुपट्टा उघडत गेला. नऊ घरं, नऊ मुठी.

"किती वाजता आली होती?" मी विचारलं.

"भोंगा वाजून राहिला होता ना!"

"ओ, भोंग्याच्या वक्ताले तं ती माह्या दारच्या सपरीत होती."

"खोटी काहून बोलतं वं? माह्या दारात होती!"

नऊही घरं भांडायला लागली. सगळ्यांच्या दारात, भोंगा वाजत असताना. आणि आमच्याही. दाई हातातल्या रिकाम्या फडक्याकडे नुसती बघत होती.

शेवटी बळीरामभाऊंनी एक दाणा चावून पाहिला. "वास मस्त आहे गा. हा कसा लावतेत, तुमाले येते?"

"आता है," बाबा म्हणाले. "हाथ ठीक होने दो."

"हात आमचे आहेत. तुमी बांधीवर बसून सांगा फक्त."

त्या आठवड्यात आम्ही भाऊंच्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहायला गेलो. दाईला त्यांच्या खळ्यावर काम मिळालं. मार्चमध्ये मी पेपर दिले, गणितात त्र्याऐंशी! निकालाचे पेढे भाऊंनीच वाटले. नऊ मुठींचं पऱ्हं, म्हणजे रोपांसाठीचं बी, मृगात टाकलं. आज त्या गावात या धानाला 'पाहुणा' म्हणतात.

मी बरेच तर्क लढवले. नऊ घरांची घड्याळं पुढेमागे असतील, पण भोंगा तर एकच. ती म्हातारी दिसायला कुणासारखी होती का, असं विचारलं की दाई म्हणते, "माझी आई एवढी उंच नव्हती." एका मुठीच्या नऊ मुठी कशा झाल्या, याचं उत्तर माझ्या विज्ञानात नाही, आणि खरं सांगू? त्याचं मला आता वाईटही वाटत नाही.

आता पौष पौर्णिमेला गावातली पोरं आमच्या दारात "छेरछेरा" ओरडतात, इथल्या झाडी बोलीच्या हेलात. दाई सगळ्यांना पसा पसा धान देते. पण आठच्या आधी कुणालाच नाही. भोंगा वाजेपर्यंत ती सूप घेऊन उंबऱ्यात उभी असते, रस्त्याकडे बघत.

मीही असते. शाळेला उशीर होतो, तरी.