ब्रॅम्बी टाउनचं तेरावं

मिशिगनमधल्या नोव्हाय गावात फुटबॉलवरून भांडणारे मराठी लोक भेटतील असं मला कुणी पुण्यात सांगितलं असतं, तर मी हसले असते. आणि भांडायचं तेही इंग्लंडमधल्या अशा दोन क्लबांवरून, ज्यांची नावं खुद्द इंग्लंडात निम्म्या लोकांना ठाऊक नसतील. पण आमच्यापासून दोन घरं सोडून राजीव पाटणकर राहतो, आणि राजीव असला की भांडायला विषय लागतोच.

राजीव गाड्यांच्या सीट्स डिझाइन करतो. पुण्याच्या कंपनीनं त्याला आधी इंग्लंडमधल्या कार्सली नावाच्या गावी कारखान्यात पाठवलं आणि काही वर्षांनी तिथून मिशिगनला. त्याच कंपनीतला नागपूरचा कृष्णा देवतळे तेव्हा शेजारच्या ब्रॅम्बी गावात होता. दोन गावांमध्ये एक टेकडी, आणि गावांचे दोन क्लब पिढ्यान् पिढ्या एकमेकांना पाण्यात पाहणारे. परक्या थंडीत शनिवारी करायचं काय, म्हणून हे दोघे आपापल्या गावच्या मॅचला जायला लागले. ते वेड मग दोघांच्याही सामानाबरोबर इकडे आलं.

शनिवारी सकाळी राजीवच्या बेसमेंटमध्ये मॅच लागते. शुभाचे, म्हणजे त्याच्या बायकोचे पोहे असतात. माझा नवरा अनीश मला ओढत नेतो. मला फुटबॉल कळत नाही, पोहे कळतात. ब्रॅम्बीनं गोल केला की राजीव ओरडणार, "ऑफसाइड!" म्हणजे गोल नियमाबाहेरचा, धरायचा नाही; मग तो कसाही असो. कृष्णानं गाडी वाकडी लावली तरी ऑफसाइड, कृष्णाच्या मुलीला हव्या त्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली तरी ऑफसाइड. कृष्णा हसतो. पंधरा-एक वर्षं हेच चाललंय, आणि खरं सांगायचं तर एकमेकांशिवाय दोघांचं पान हलत नाही.

राजीव मनानं वाईट नाही. पण विनोद सुचला की त्याला दम निघत नाही. समोर कोण आहे, वेळ कुठली आहे, हे त्याला नंतर दिसतं, आणि दिसलं की तो असा काही शरमतो की रागवायचीही सोय उरत नाही.

त्याची आई गेली तेव्हा त्याला पुण्याला जाता आलं नव्हतं. व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं होतं. गेला असता तर परत केव्हा येता येईल याचा भरवसा नव्हता. अग्नी भावानं दिला, यानं तो फोनच्या पडद्यावर पाहिला. त्यानंतरचं सगळं कृष्णानं निभावलं. देवळातल्या गुरुजींना विचारून तेराव्याचं गोडजेवण त्यानं राजीवच्याच घरी घडवून आणलं. फोटोला घालायला चंदनाचा हार हवा, तर भर बर्फात शिकागोपर्यंत गाडी हाकत गेला आणि घेऊन आला. वाटेत हार एका जागी तुटला, तिथे कृष्णानंच लाल दोऱ्यानं गाठ मारली. तेव्हापासून तो हार वर जेवणघरात राजीवच्या आईच्या, आम्हा सगळ्यांच्या काकूंच्या, फोटोला आहे.

यंदा बातमी आली की ब्रॅम्बी टाउन ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला. आपल्याकडे एखादी सहकारी बँक बुडायला आली की संचालक घरी जातात आणि प्रशासक येऊन बसतो, तसलाच प्रकार. वर शिक्षा म्हणून लीगच्या तक्त्यात पॉइंट्स कापतात. कुणी नवा मालक मिळाला तर क्लब तरतो, नाहीतर कुलूप.

त्या शनिवारी बेसमेंटमध्ये मॅच कुणी पाहिलीच नाही. राजीवचं म्हणणं, ऋण काढून सण केला की हेच होणार. ज्या टीमनं एका वर्षी कार्सलीला वरच्या लीगमध्ये जाऊ दिलं नाही, ती यांनी उधारीवर उभी केली होती. म्हणजे ती हार आमची नव्हतीच, चोरी होती. अनीश म्हणाला की पाप मालकाचं, शिक्षा प्रेक्षकांना, हा कुठला न्याय. राजीवची मुलगी अनिका सुट्टीला घरी आली होती. ती जिन्यावरूनच म्हणाली, "बाबा, पीपल वर्क देअर. इट्स नॉट अ जोक." राजीवनं तिला पोहे घे म्हणून सांगितलं.

कृष्णानं वाद घातला नाही. राजीवचं बरोबर आहे म्हणाला, उधळपट्टी झाली खरी. मग त्यानं गेटवर तिकिटं तपासणाऱ्या एका बाईची गोष्ट सांगितली. तो नवा नवा तिथे गेला तेव्हा ऑफिसबाहेर त्याच्याशी आपणहून बोलणारी ती एकटीच होती. तिचा पगार अडकला असेल का, असं तो मलाच विचारत होता, जणू मला माहीत असावं.

मंगळवारी राजीवचा व्हॉट्सॲपवर निरोप आला. 'कैलासवासी ब्रॅम्बी टाउन यांचे तेरावे शनिवारी आहे. स्थळ: पाटणकरांचे बेसमेंट. येताना रुमाल आणावा.' सगळ्यांनी हसण्याच्या खुणा टाकल्या. कृष्णानं लिहिलं, 'आमच्या घरचं कार्य आहे, लाडू माझ्याकडे.'

आणि तो खरंच लाडू घेऊन आला, गळ्यात ब्रॅम्बीचा मफलर घालून. आम्ही खाली उतरलो तेव्हा राजीवनं एका खुर्चीवर क्लबच्या चिन्हाची फ्रेम मांडली होती, तिला हार, पुढे उदबत्ती. मग त्यानं भाषण ठोकलं. मृतात्म्याच्या सवयी सांगितल्या, मागे राहिलेल्या देण्यांचा उल्लेख केला, शेवटची इच्छा म्हणून एक पेनल्टी मागितली. चांगलं जमलं होतं भाषण. कृष्णा डोळे पुसत हसत होता.

भाषण संपल्यावर राजीवनं त्याला फूल वाहायला पुढे बोलावलं. कृष्णा हसतच गेला, फूल ठेवायला वाकला आणि तसाच थांबला. त्यानं हार दोन बोटांत धरला. लाल दोऱ्याची गाठ त्याच्या बोटांत होती.

दुकानात त्या दिवशी झेंडूचे हार संपले होते, एवढंच झालं होतं. अर्ध्या तासात परत ठेवू, असं म्हणून राजीवनं तो सकाळी वरून काढून आणला होता. शुभा स्वयंपाकघरात होती, तिला पत्ता नव्हता.

कृष्णा वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग दिसला असता तर बरं झालं असतं.

"राजीव, वर काकूंचा फोटो उघडा आहे का?" त्यानं हळू विचारलं.

हा प्रश्न विनोदी नव्हता हे राजीवला कळायला एक क्षण लागला, आणि कळल्यावर त्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. कृष्णानं हार अलगद काढला, दोन्ही हातांवर घेतला आणि जिना चढून वर गेला. तो फोटोपाशी थांबला, मग नमस्कार करून खाली आला, असं शुभानं मला नंतर सांगितलं. खाली येऊन त्यानं एक लाडू खाल्ला, वाणसामान आणायचंय म्हणाला आणि गेला. एक शब्द वावगा बोलला नाही.

तो आठवडा राजीवनं कसा काढला ते शुभालाच ठाऊक. जेवायच्या टेबलावरून फोटो समोर दिसतो, म्हणून तो पाठ करून बसायला लागला. कृष्णाला मेसेज लिहायचा आणि पुसायचा. एकदा त्याच्या घरापर्यंत गेला आणि बाहेर गाडीतच बसून राहिला. कृष्णा कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला आला, काचेवर टकटक करून चहाला ये म्हणाला. याच्या तोंडून निघालं ते इतकंच की असाच चाललो होतो. "माफी मागायचीसुद्धा लाज वाटते यार," तो अनीशला म्हणाला. "त्यानं आईसाठी आणला होता तो. मी तर आईला पोचवायलाही गेलो नाही."

पुढच्या शनिवारी कृष्णा येईल असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं. तो नेहमीसारखा आला, नेहमीसारखा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. राजीवनं कार्सलीची मॅच सोडून ब्रॅम्बीची लावली होती. मोठे खेळाडू विकून झाले होते, मैदानात सगळी कोवळी पोरं. अनीश हळू आवाजात बोलत होता, शुभा पोहे देताना चमचा वाजू देत नव्हती. आजाऱ्याच्या घरी बसावं तसे आम्ही बसलो होतो, आणि राजीव मान खाली घालून आपल्या हातांकडे पाहत होता.

मॅच संपत आली असताना त्या पोरांनी गोल केला. खणखणीत, मैदानाच्या मधूनच मारलेला. कृष्णा उठून उभा राहिला. टीव्हीवर सगळं गाव ओरडत होतं. आमच्या खोलीत चिडीचूप.

कृष्णानं राजीवकडे पाहिलं. थोडा वेळ वाट पाहिली.

"बोल ना बे," तो म्हणाला. "तू गप्प बसलास की आमचं खरंच मेलं असं वाटतं."

राजीवनं मान वर केली. डोळे भरलेले होते. मग त्या एवढ्या दांडग्या माणसानं, कुणाला जेमतेम ऐकू येईल असं, "ऑफसाइड" म्हटलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

कृष्णा खाली बसला. "हं," म्हणाला, आणि पोह्यांची बशी त्याच्याकडे सरकवली.