गाडीचा लाल

पिंपळे गुरवमधल्या त्या गिटार बनवणाऱ्याचं नाव मी विचारलंच नाही. सगळा वेळ मीच बोलत होतो. कंत्राटी कामगारांच्या गेटसभेत वाजवायला आम्हाला बास गिटार हवी होती. चाकणच्या त्या कारखान्याच्या गेटवर आमची गाणी ऐकायला कुणी थांबत नसे. शिफ्ट सुटली की माणसं थेट कंपनीच्या बसकडे पळत. बासचा घुमारा त्यांना थांबवेल, असा माझा सिद्धांत होता.

मी शोषणावर बोलत असताना तो लाकडाच्या फळ्या बोटाने ठोकून त्यांना कान लावत होता. रंगाचा विषय निघाला तेव्हा कुठे त्याने तो कान माझ्याकडे वळवला.

“लाल,” मी म्हणालो. “रक्तासारखा.”

“रक्त वाळलं की तपकिरी होतं, भाऊ. गाडीचा लाल मारतो. उन्हात टिकतो.”

गिटार गळ्यात अडकवून मी गेटवर उभा राहिलो. शिफ्ट सुटली आणि पहिला सूर निघण्याआधीच माणसं थांबली. त्याच कारखान्यातून निघणाऱ्या गाडीचा तो लाल होता. मालकाचा रंग मिरवत मी मालकाविरुद्ध उभा होतो. गाड्या रंगवणाऱ्या पेंटशॉपमधल्या एका कामगाराने गिटार माझ्या गळ्यातून काढून घेतली, उन्हात तिरपी धरली आणि तिच्यावरून तळहात फिरवला. भोवती गराडा पडला. बस हॉर्न देत राहिल्या.

“आपलाच लाल हाय की राव,” तो म्हणाला. “आन् रंगात धुळीचा एक दाणा न्हाई.” मग त्याने गिटार मला परत दिली. “हां, वाजवा आता काय ते.”