"आराम है, अंकलजी?"

माझ्या नवऱ्याने आयुष्यात कोणावरही पूर्ण विश्वास ठेवला नाही.

आज यांना जाऊन वर्ष झालं. लोक लिहितात, "देवमाणूस होते." यांनी वाचलं असतं तर विचारलं असतं, "याला काय हवंय?"

यांची छोटी बँक मोठ्या बँकेत मर्ज झाली तेव्हाची गोष्ट सांगते.

ग्वाल्हेरातली नई सडकची ब्रँच बंद. नवी खुर्ची, नवे साहेब, दिवसभर कॉम्प्युटर.

मान धरली ती सुटेना. उजव्या हाताला मुंग्या. मागून कोणी हाक मारली तर हे अख्खे वळायचे, कपाट सरकवल्यासारखे.

पण ऑफिसात ब्र नाही. कुजबुज होती की, तब्येतीची तक्रार करणाऱ्याला लांब कुठेतरी टाकतात. ऑपरेशन म्हणजे रजा आणि रजा म्हणजे बदली, हे यांनी धरूनच ठेवलेलं.

म्हणून गुपचूप गोरखीजवळच्या फिजिओथेरपीला जाऊ लागले. सुई नाही, चिरफाड नाही. शेक, मानेचे व्यायाम, नीट बसायला शिकवणं.

हे म्हणायचे, "नुसती मान हलवायचे पैसे घेते ती बाई!"

खरं सांगते, मलाही तसंच वाटायचं.

तिथल्या मॅडम म्हणायच्या, "ठुड्डी पीछे लीजिए, अंकलजी. जैसे किसी की बात पे भरोसा न हो."

हनुवटी मागे घ्यायचा हा व्यायाम यांना पहिल्याच दिवशी जमला.

एक दिवस घरी आले ते पांढरेफटक.

"सर्जनला दाखवा म्हणते. बँकेतून हिला फोन आला असणार."

"बँक कशाला फोन करेल?"

"अगं, गेल्या गेल्या रोज चौकशी करते माझी!"

दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले. माझाही संशय होताच, सर्जनशी हिचे काही लागेबांधे असतील.

मॅडमनी विचारलं, "आराम है, अंकलजी?"

हे ताठ झाले. "आराम बिल्कुल नहीं है! सुबह से शाम तक काम करता हूँ!"

मॅडमचा चेहरा उतरला.

मी शाळा आठवीत सोडली, पण हिंदी-मराठी जे हाती येईल ते वाचते. 'आराम' हा शब्द कानाला खटकला.

ती विचारत होती, दुखणं कमी आहे का. हे ऐकत होते, कामचुकारपणा करता का. रोजचं 'नहीं' ऐकूनच तिने सर्जनचं काढलं होतं.

जन्म ग्वाल्हेरात गेला, बाहेर दिवसभर हिंदीच. पण घाबरलेला माणूस घरच्याच भाषेत ऐकतो.

"अहो, ती दुखण्याचं विचारतेय."

"मग सरळ दर्द म्हणायचं ना!"

मॅडमनी पुन्हा विचारलं, "दर्द कैसा है?"

यांनी आधी दाराकडे बघितलं. मग आवाज खाली आणून, "पहले से कम है. हाथ की झनझनाहट भी. पर किसी को बताइएगा मत."

"अंकलजी, अच्छी ख़बर भी छुपाते हैं?"

सर्जनकडे जावं लागलं नाही. बदलीही झाली नाही. व्यायाम मात्र सुटला नाही.

पुढे एकदा बाजारातून परत येत होतो. हे पुढे, मी पिशवी घेऊन मागे. हे थांबले. खांदे तसेच ठेवून नुसती मान वळवली.

"येतेयस ना?"

मी रस्त्यातच रडले. यांना वाटलं, पिशवी जड झाली.

त्यानंतर कायम असंच. चार पावलं चालायचे आणि वळून बघायचे. मी येतेय यावरही विश्वास नाही.

येतेय हो. सावकाश येतेय.

तुमच्या फोटोला नमस्कार करते. तुम्ही व्हा पुढे.