काजू सोललेला अंगठा

माझ्या मावसदिरांइतका संशयी माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात सापडायचा नाही. भाऊजी फौजेत हवालदार आहेत, पण शत्रूपेक्षा त्यांचा डोळा केळशीतल्या चुलतभावावर जास्त. सुट्टीवर आले की झाडावरच्या फणसांवर खडूने सह्या करून ठेवतात. दापोलीच्या एसटीत चढले की आधी पाटी वाचतात, मग कंडक्टरला विचारतात आणि शेवटी शेजारच्या म्हातारीकडून खात्री करून घेतात. एकदा एक म्हातारी वैतागून म्हणाली, “बाबा, तू उतर हवं तर, पण मला जाऊ दे.”

यंदा त्यांना सीमेवर जायचा हुकूम आला आणि नेमकी बागेची मोजणी निघाली. त्यांच्या वतीने सही करणारं कोणी नसतं, तर चुलतभाऊ कुंपण आपल्या सोयीने सरकवणार हे उघड होतं. मुखत्यारपत्र माझ्या नावाने करायचं ठरलं. “मीच का?” “वहिनी, तुम्ही कोणाशी गोड बोलत नाही.” मी ती स्तुती समजले. मसुद्यात त्यांनी हापूसच्या प्रत्येक कलमाचं वर्णन घातलं होतं. वकील म्हणाले, “हवालदार, बाग लिहिली की झाडं आलीच. ती काही जागची हलत नाहीत.” “तुम्ही आमच्या भावाला ओळखत नाही.”

नोंदणी सुट्टीच्या शेवटच्या दिवशी होती. आदल्या दिवशी त्यांनी पलटणीतल्या दोस्तांसाठी ओले काजू सोलले. सोलणाऱ्या बाया गर तोंडात टाकतात म्हणून स्वतःच, आणि हाताला राखही न लावता. चिकाने दोन्ही हातांची कातडी गेली आणि कार्यालयातलं यंत्र अंगठा घेईना. “सीमेवर पण स्वतःची अशीच काळजी घ्या,” मी टोमणा मारला. कारकून एकेक बोट टेकवत गेला, शेवटी डावी करंगळी लागली. “देणारा हयात आहे तोवरच हे पत्र चालतं,” वकिलांनी बजावलं. भाऊजी हसले. “म्हणजे वहिनी, मला मरायची रजा नाही.”

परवा मोजणी झाली. मोजणीदाराने कागद पुढे केला, तेव्हा मी थांबा म्हटलं आणि भाऊजींना फोन लावला. तीनदा लागला नाही. चुलतभाऊ कुंपणाशी उभा होता. चौथ्यांदा खरखर ऐकू आली.

“भाऊजी, हयात आहात ना? सही करायचीय.”

“आहे, वहिनी. करा.”

पेन चुलतभावानेच पुढे केलं.