न आलेल्या बायांची मतं

“आमी गावात हाव तवर करा, भाऊ.”

कचेरीच्या दाराबाहेर चपला काढून ती आत यायची आणि उभ्याउभ्याच हे वाक्य बोलायची. चपला काढायची गरज नाही असं मी किती वेळा सांगितलं, पण ती ऐकायची नाही. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कारकून होतो. कचेरीत सतत खेपा घालणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांतली बहुतेक चिडलेली असतात किंवा रडवेली. ही दोन्हींपैकी नव्हती. पन्नाशी ओलांडलेली, ऊसतोडीनं खांदे रुंद झालेली बाई. मी तिला मावशी म्हणायचो.

तिचं काम एकच होतं. गावाच्या फाट्यावर देशी दारूचं दुकान होतं, रीतसर परवान्याचं. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर पोरींना त्या दुकानासमोरून शेजारच्या गावी चालत जावं लागे. सकाळी दहालाच तिथं माणसं पडलेली असत. एकानं एका पोरीची ओढणी ओढली. त्या वर्षी पाच पोरी घरी बसल्या.

“माझी नात औंदा आठवीला हाय,” ती म्हणाली. “लई हुशार हाय. रस्ता तेवढा तिथून हाय.”

गावातल्या बायांनी मागणी केली तर अशा दुकानासाठी मतदान होतं, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. ती घरोघर फिरली. सह्या आणि अंगठे गोळा केले. सह्या खोट्या आहेत अशी दुकानवाल्यानं तक्रार केली, तेव्हा तिनं सगळ्या बाया पडताळणीला मारुतीच्या पारावर आणून उभ्या केल्या. साहेबांसमोर एक म्हातारी थरथरायला लागली. मावशी तिला म्हणाली, “घाबरती कावून? तुजाच अंगठा हाय न्हवं?” सगळे हसले. म्हातारीही हसली आणि अंगठा दिला.

पडताळणी श्रावणात झाली. आता कागद माझ्या टेबलावरून वर जायचा होता. दसरा झाला की निम्मं गाव ट्रकात बसून उसाला जाणार, म्हणून तिची घाई. एका खेपेला ती पहिल्यांदाच माझ्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, “दसऱ्याच्या आत तारीख धरा. मग गावात म्हातारे आन् कुत्रे ऱ्हात्यात.”

मी म्हणालो, “बघतो.”

पुढं जे झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दुकानवाल्याचा मेहुणा, राजकारणातला वजनदार माणूस, एक दिवस माझ्या टेबलापाशी येऊन बसला. त्यानं काही दिलं नाही, मीही काही मागितलं नाही. त्यानं माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली. जाताना फक्त म्हणाला, “काय घाई हाय, साहेब?” एवढा मोठा माणूस मला साहेब म्हणाला. मी तो कागद इतर कागदांच्या खाली सरकवला. महिनाभर तो तिथंच राहिला.

मतदान दिवाळीनंतर लागलं.

माझीच नेमणूक तिथं झाली, शाळेच्या खोलीत. मी यादीतलं नाव वाचायचो आणि बाहेर शांतता असायची. दुसरं नाव, पुन्हा शांतता. दुपारी मावशी आली. कर्नाटकातल्या उसाच्या फडातून दोन गाड्या बदलून आली होती, हातांवर पात्यांचे ओरखडे तसेच. मत देऊन ती दारात उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत रस्त्याकडं बघत राहिली. फडातून आणखी चौघीजणी आल्या, बस्स.

मोजणीत जवळजवळ सगळ्या चिठ्ठ्या आडव्या बाटलीच्या निघाल्या. पण नियम असा, की गावच्या यादीतल्या सगळ्या बायांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला हवीत. एकोणीस कमी पडली.

साहेबांनी निकाल वाचला, तो तिला कळला नाही. तिनं मला विचारलं. मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, “मंजी ज्या बाया आल्याच न्हाईत, त्यांनीबी दुकानालाच मत दिलं म्हणायचं?”

मी मान डोलावली.

“इतका उशीर कावून झाला, भाऊ?”

“वरून झाला,” मी म्हणालो.

तिनं विश्वास ठेवला. पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. “तुमी तुमच्यानं झालं तेवढं केलं,” म्हणाली, आणि शेवटच्या गाडीनं परत फडावर गेली. ती पुन्हा कचेरीत आली नाही.

तेव्हापासून कसलीही यादी वाचताना माझा आवाज अडखळतो. लग्नातल्या आहेराची असो की सोसायटीच्या सभासदांची. नाव घेतलं आणि उत्तर यायला क्षणभर उशीर झाला, की मी दाराकडं बघतो.

निवृत्त झाल्यावर एका सकाळी मी ठरवून तिच्या गावी गेलो. केजहून जीपनं फाट्यावर उतरलो. दुकान चालू होतं. गावात घर विचारत गेलो. दारात एक सतरा-अठरा वर्षांची पोरगी होती, कडेवर लेकरू.

“आजी गेली,” ती म्हणाली. “मागल्या साली. फडातच ताप आलता.”

मी शाळेचं विचारलं.

“मतदान झालं न् त्याच उन्हाळ्यात माजं लगीन लावलं. बाप म्हणला, त्या रस्त्यानं पोरगी धाडून जीवाला घोर कावून लावून घ्यायचा?” ती सहज बोलत होती, दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तशी. मग माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, “तुमी कचेरीतले ते भाऊ का? आजी लई नाव काढायची तुमचं. म्हणायची, तिथं एकच माणूस आपला व्हता.”

मी खरं सांगायलाच गेलो होतो. वाक्यं मनात जुळवून ठेवली होती.

तिनं लेकरू खाली ठेवलं, बाज झटकली आणि माझ्यासाठी वाकळ अंथरली. “बसा की. च्या ठेवते.”

मी बसलो.