सोनगीरच्या छावणीतला किडा

सराव शिबिरासाठी आमची कंपनी सोनगीरजवळ माळावर उतरली होती. मी हवालदार, गाव असोदा. माझ्या सेक्शनमध्ये नाईक सुरेश पाटील होता, शिंदखेड्याचा. इतक्या वर्षांच्या नोकरीत घराजवळ मिळालेलं ते पहिलंच शिबिर, म्हणून आम्ही दोघं खुशीत होतो.

तिसऱ्या सकाळी फॉलइनच्या रांगेत सहा जवानांच्या मानेवर चटका बसल्यासारखे लाल पट्टे दिसले. एकाचा डोळा सुजून बंद झाला होता. संशय पाण्यावर गेला. पाणी गावच्या विहिरीचं होतं. मेजरसाहेबांनी टँकर फाटकावरच थांबवला. ड्रायव्हरनं टँकर मागे वळवला. सुरेशचा चेहरा पडला.

डॉक्टर कॅप्टन मॅडमनी जखमा तपासल्या. "पाण्यानं सगळं अंग भाजलं असतं. हे पट्टे आहेत. काहीतरी अंगावर चिरडलंय. किडा असावा. पण तो हातात हवा."

सुरेश पुढे झाला. "मिळेल, मॅडम."

दिवेलागणीला त्यानं पूर्वेच्या फ्लडलाइटसमोर पांढरी चादर ताणून बांधली. थोड्याच वेळात ती किड्यांनी भरली. तो टॉर्च घेऊन एकेक पाहू लागला.

"तुडतुडा. सोडा. भुंगेरा. सोडा. हा नुसता पतंग."

त्याचा आवाज चढत गेला. मीही गुडघ्यावर बसलो. तांदळाच्या दाण्याहून बारीक, नारिंगी-काळी एक मुंगी दिसली. मी बोट पुढे केलं.

"हात लाऊ नको, भाऊ! मुंगी नही शे. देख, पंख शेतस."

त्यानं त्यावर काचेचा ग्लास पालथा घातला. किड्यानं विंचवासारखी शेपटी उचलली. मॅडम धावत आल्या, मोबाइलचा कॅमेरा ग्लासला लावला आणि हसल्याच.

"हाच! पुस्तकात पाहिला होता, जिवंत आज पाहते. हा चावत नाही. चिरडला की आतल्या रसानं कातडी भाजते."

मी वायरलेस सेट उचलला. "कंट्रोल, तंबूंजवळचे पांढरे लाइट बंद करा. ओव्हर."

"कारण सांगा. ओव्हर."

"शत्रू सापडला. ओव्हर."

पलीकडून हसू ऐकू आलं. मग लाइट गेले.

मच्छरदाण्या लागल्या. किडा मारायचा नाही, फुंकून उडवायचा, असा हुकूम निघाला. नवे पट्टे आले नाहीत, सुजलेला डोळा उघडला. मेजरसाहेब स्वतः गावात जाऊन टँकर घेऊन आले. सुरेशनं ड्रायव्हरला मिठीच मारली.

पुढच्या हिवाळ्यात उत्तरेकडे गस्तीवर असताना बर्फाचा कडा कोसळला. त्यात नाईक सुरेश पाटील गेला.

मी रजेवर शिंदखेड्याला गेलो. त्याच्या आईला, अक्कांना, बर्फाचं काही सांगवेना. सोनगीरचं सांगितलं, चादरीसकट. अक्का ऐकत राहिल्या.

"त्याले लहानपनपासून किडास्ना नाद व्हता," त्या म्हणाल्या. "टॉर्चना सेल सरी जायेत. मी वरडू."

एवढं बोलून त्या हसल्या. मग पदर तोंडाला लावून बसल्या. मीही बसलो.